आश्रय नको, हक्क हवा

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातल्या कुंडल गावी भरणारे 'महाराष्ट्र कुस्ती मैदान' कृष्णाकाठच्या कुस्तीशौकिनांना नव्याने सांगावयास नको. सांगली, सातारा, कोल्हापूरचेच नव्हे, तर पंजाब-हरियाणाचे मल्लही तेथे उतरतात. हलगी कडाडते, निवेदकाचा आवाज टिपेला पोचतो, डाव लागला की हजारो कंठांतून एकच आरोळी उठते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीचे छायाचित्र येते आणि व्यासपीठावर विराजमान झालेल्या मान्यवरांची नामावलीही येते. मातीत उतरलेल्या त्या तरुणांपैकी कितीजणांच्या हाती दहा वर्षांनी काय उरते, हे मात्र कोठेच छापून येत नाही.

हा प्रश्न काहींना रसभंग करणारा वाटेल. कुस्ती ही साधना आहे, तेथे जमाखर्चाचा विचार कशाला, असेही म्हटले जाईल. परंतु ज्याची साधना त्याच्याच घरच्या दुधातुपावर चालते आणि जिच्या फळाचा मोठा वाटा दुसऱ्यांच्या पदरात पडतो, अशा साधनेचा हिशोब कोणी तरी मांडलाच पाहिजे. मल्ल अंगमेहनत करतो, त्या मेहनतीतून लोकांना आनंद, गावाला प्रतिष्ठा, पुढाऱ्याला व्यासपीठ आणि व्यापाऱ्याला जाहिरात मिळते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा श्रम आहे. श्रम म्हटला की मोबदला, जोखीम आणि म्हातारपणाची तरतूद हे तिन्ही प्रश्न ओघानेच येतात.

तालमीपासून यात्रेपर्यंत

या भागातला मल्ल घडतो कसा, ते पाहावे. दहा-बारा वर्षांचा मुलगा गावच्या तालमीत जाऊ लागतो. पहाटे उठून जोर, बैठका, सपाट्या, मग लाल मातीतली लढत. सायंकाळी पुन्हा तेच. मुलगा चमकदार निघाला तर वस्ताद त्याला कोल्हापूरच्या मोतीबाग, गंगावेस किंवा शाहूपुरीसारख्या तालमीत, नाही तर पुण्याला पाठवावयास सांगतात. येथून घरचा खरा खर्च सुरू होतो. दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण, फळे, खोलीचे भाडे, आणि अलीकडे गादीवरच्या कुस्तीसाठी लागणारे बूट आणि पोशाख. घरी दोन-तीन एकर जमीन असलेला शेतकरी उसाचे बिल आले की त्यातला पहिला वाटा पोराच्या खुराकाला काढून ठेवतो. घरची म्हैस मुलासाठी राखली जाते. धाकट्या भावंडांच्या शिक्षणाला कात्री लागते. पावसाने दगा दिला की प्रथम बदाम बंद होतात, मग तूप. आणि कित्येकदा तालीमच सुटते. दुष्काळाची झळ पिकाला लागते तशी ती आखाड्यालाही लागते.

दहा-बारा वर्षांच्या या गुंतवणुकीला कोणतीही बँक कर्ज देत नाही, कोणतीही विमा कंपनी तिची हमी घेत नाही. परतावा मिळतो तो यात्रा-जत्रांच्या मैदानात. लहान वयात रेवड्या-नारळावर आणि दहा-वीस रुपयांवर लढणारा मुलगा पुढे हजारांच्या आणि भाग्य असेल तर लाखाच्या कुस्तीपर्यंत पोचतो. हा हंगाम स्थूलमानाने दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांबरोबर उतरणीला लागतो. भर पावसाळ्यात उत्पन्न जवळजवळ नाहीच. खुराक मात्र बारमाही. वरच्या जोडींचे मानधन यात्रा कमिटीशी बहुधा तोंडी ठरते. मैदान पावसाने वाया गेले, जोड ऐनवेळी बदलली किंवा कुस्ती बरोबरीत सोडवली, तर काय द्यावयाचे याचा लेखी नियम सहसा नसतो. गुडघा निखळला, खांदा उतरला, मानेला इजा झाली तर शस्त्रक्रियेचा खर्च घरच्यांनीच सोसावयाचा. २०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत गावोगावच्या यात्रा रद्द झाल्या. त्या काळात मल्लांचे उत्पन्न एकदम शून्यावर आले आणि त्यांच्यापैकी अनेकांना शेतमजुरीकडे वळावे लागले. बेकारभत्ता मागावयाचा तर तो कोणाकडे, हेही त्यांना ठाऊक नव्हते. कारण कायद्याच्या दृष्टीने त्यांचा मालकच कोणी नव्हता.

तिशी ओलांडली की मल्लाचे शरीर उताराला लागते. अन्य व्यवसायांत ज्या वयात माणूस स्थिरावतो, त्याच वयात याला निवृत्त व्हावे लागते. शिक्षण बहुधा अर्धवट राहिलेले असते. ज्यांच्या पदरी राष्ट्रीय पदक आहे त्यांना पोलीस, सैन्य, रेल्वे यांत जागा मिळू शकते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. नरसिंग यादव आणि विजय चौधरी या तीन-तीन वेळा 'महाराष्ट्र केसरी' झालेल्या मल्लांना पोलीस दलात उपअधीक्षकपद मिळाले, ते योग्यच झाले. परंतु 'महाराष्ट्र केसरी' वर्षाला एकच होतो. त्या एकामागे जे शेकडो राहतात, त्यांच्या वाट्याला कारखान्यावरची पहारेकऱ्याची नोकरी, दुधाचा धंदा, घरची शेती किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या गाडीतली पुढची जागा येते. ही शेवटची वाट अधिक चिंताजनक आहे. ज्या बलदंड देहावर आईबापांनी आपली कमाई ओतली, तो देह कोणाच्या तरी दहशतीचे साधन व्हावा, ही समाजाची मोठी हानी होय.

आश्रयदाते बदलले, आश्रय तोच

या स्थितीचे मूळ इतिहासात आहे. आपल्याकडे कुस्ती राजाश्रयावर वाढली. राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात तालमींना उदार हस्ते मदत केली आणि खासबागेचे मैदान उभारले. मल्लविद्येचे त्यांचे ऋण मोठे आहे. कुंडल ज्या औंध संस्थानात होते, तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार आयुष्यभर केला. संस्थाने गेली आणि आश्रयदात्याची जागा सहकारी साखर कारखान्यांनी घेतली. अनेक कारखान्यांनी मल्लांना मानधन दिले, मैदाने भरवली. त्यानंतर ती जागा स्थानिक नेत्याने आणि बांधकाम व्यावसायिकाने घेतली. आश्रयदाते बदलत गेले, परंतु संबंधाचे स्वरूप तेच राहिले. देणाऱ्याची मर्जी आहे तोवर मिळेल. मर्जी फिरली, कारखाना आजारी पडला किंवा निवडणूक संपली, की मानधन बंद. कृपेने मिळालेले कृपेबरोबरच जाते.

राज्य शासनाचे वर्तनही याहून वेगळे नाही. हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी आणि वयोवृद्ध मल्लांना मिळणाऱ्या मासिक मानधनात २०२२ साली वाढ झाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु तेही किताब मिळविलेल्या मोजक्यांपुरते, आणि वाढ केव्हा व्हावी हे ठरणार मंत्र्यांच्या सोयीने.

या व्यवस्थेचा सर्वांत लख्ख आरसा म्हणजे खाशाबा जाधव यांचे जीवन. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेला हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकीत त्याने कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जाण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. प्रत्यक्ष स्पर्धेत जपानी मल्लाबरोबरच्या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये विश्रांतीचा नियम होता. परंतु तो पंचांपुढे मांडावयास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे नमूद आहे. पदक घेऊन परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पोलीस खात्यातली उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली ती १९५५ साली. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले आणि १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस 'राज्य क्रीडा दिन' म्हणून पाळला जातो. मिरवणूक, मरणोत्तर पुरस्कार आणि जयंती या तिन्ही गोष्टींत समाज उदार ठरला. जिवंतपणी ज्याची गरज होती ते देण्यात तो कमी पडला. नियम मांडणारा प्रतिनिधी जवळ नसला की हक्क कागदावरच राहतो, हा हेलसिंकीचा धडा आखाड्याबाहेरही तितकाच खरा आहे.

दुसऱ्या खेळाकडून घ्यावयाचा धडा

खेळाडूची कारकीर्द अशीच असावयाची, हा काही निसर्गनियम नव्हे. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हा खेळ रचला. वाय. एम. सी. ए. मार्फत तो भारतात आला आणि मुंबईच्या नागपाड्यासारख्या कष्टकरी वस्तीत रुजला. अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसीर हे त्याच वस्तीतले. आपल्याकडे त्या खेळातही चांगल्या खेळाडूची वाट अखेर रेल्वेच्या किंवा तत्सम नोकरीकडेच वळते. २०१५ साली अमेरिकेच्या व्यावसायिक संघाने निवडलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू म्हणजे पंजाबातील शेतकरीपुत्र सतनामसिंग. मुख्य स्पर्धेत एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी आली. आणि शेवटी तो अमेरिकेतल्या करमणुकीच्या कुस्तीत उतरला. गुणवत्तेला पाठीशी घालणारी व्यवस्था नसली की काय होते, त्याचे हे ताजे उदाहरण.

अमेरिकेतला बास्केटबॉलपटू आज जगातल्या सर्वाधिक वेतन मिळविणाऱ्या श्रमिकांपैकी एक आहे. परंतु १९५० च्या दशकात तो असा नव्हता. उन्हाळ्यात पोटासाठी दुसरे काम धुंडाळणारे खेळाडू त्या काळी सर्रास होते. संघमालकाने एकदा करार केला की खेळाडू त्याच्याच दावणीला बांधला जाई. १९५४ साली बॉब कूझी या नामवंत खेळाडूने पुढाकार घेऊन खेळाडूंची संघटना उभारली. मालकांनी अनेक वर्षे तिला टोलवले. अखेर जानेवारी १९६४ मध्ये बोस्टन येथे देशातील निवडक खेळाडूंचा सामना दूरचित्रवाणीवरून दाखविला जावयाचा होता. त्या रात्री खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीतच बसून राहिले. निवृत्तिवेतनाचे वचन मिळाल्याखेरीज मैदानात उतरणार नाही, असे त्यांनी कळविले. मालकांनी धमक्या देऊन पाहिल्या. शेवटी वचन द्यावे लागले. पुढे १९७० साली ऑस्कर रॉबर्टसन या कृष्णवर्णीय खेळाडूच्या नावाने दाखल झालेला खटला १९७६ साली मिटला आणि दावणीची ती पद्धत मोडण्यास सुरुवात झाली. आज त्या खेळाच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वाटा सामुदायिक कराराने खेळाडूंना मिळतो. तीन वर्षे खेळलेल्यास निवृत्तिवेतनाचा हक्क प्राप्त होतो.

अमेरिकेचे अनुकरण करा, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. तेथील खेळ हा भांडवलदारी उद्योग आहे. विद्यापीठांत खेळणाऱ्या मुलांच्या श्रमावर दशकानुदशके गल्ला भरूनही त्यांना हौशी म्हणून मोबदला नाकारला गेला. त्या अन्यायाला न्यायालयाच्या निर्णयाने तडा गेला तो २०२१ साली. मुद्दा इतकाच की, भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातही खेळाडूला जे मिळाले ते संघटनेच्या बळावर मिळाले. आपल्याकडे लीगच्या नावाने भांडवल कुस्तीत येऊन गेले. प्रो रेसलिंग लीग २०१५ साली गाजावाजाने सुरू झाली आणि २०१९ नंतर काही वर्षे बंद पडली. बाजार फायदा दिसेल तोवर राहतो. मल्लाचे आयुष्य त्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

संघटना कोणाच्या?

कुस्तीत संघटना नाहीत असे नाही. परंतु त्या मल्लांच्या नाहीत. २०२३ च्या जानेवारीत साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया यांच्यासारखे पदकविजेते दिल्लीत जंतरमंतरवर बसले, ते भारतीय कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्ध लैंगिक छळाचे गंभीर आरोप घेऊन. गुन्हा नोंदविला जावा यासाठीही त्यांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, आणि २८ मे रोजी नव्या संसद भवनाकडे निघालेल्या या मल्लांना पोलिसांनी रस्त्यावरून फरफटत नेले. जगात नाव मिळविलेल्यांची ही गत, तर तालुक्याच्या तालमीतल्या पोरीने तक्रार कोणाकडे करावी? याच वर्षी मार्चमध्ये सांगलीत महिलांची पहिली 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मुली आता मोठ्या संख्येने मातीत उतरत आहेत. त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेतल्यावाचून त्यांच्या पराक्रमाचे पोवाडे गाणे हा दांभिकपणा होईल.

महाराष्ट्रातही चित्र फारसे वेगळे नाही. राज्य कुस्तीगीर परिषदेवरून उफाळलेल्या वादात २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा भरल्या. एका राज्यात दोन टांकसाळी सुरू झाल्या की नाण्याची किंमत घसरते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवतात. येथे घसरलेले नाणे म्हणजे मल्लाच्या दहा वर्षांच्या मेहनतीची एकमेव पावती. २०२५ साली अहिल्यानगरच्या स्पर्धेत निकालावरून शिवराज राक्षे यांनी पंचांना लाथ मारली आणि त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पंचांवर पाय उचलणे निषेधार्हच आहे. परंतु वादग्रस्त निकालावर तातडीने आणि निःपक्षपातीपणे दाद मागण्याची सोय नसेल, तर क्षोभाला वाट कोठून मिळणार, याचाही विचार शिक्षा देणाऱ्यांनी केला पाहिजे.

२०२५ साली संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात संघटनांच्या कार्यकारिणीवर खेळाडूंना आणि स्त्रियांना स्थान देण्याची तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. तथापि, त्या जागांवर पदाधिकाऱ्यांच्या मर्जीतील निवृत्त खेळाडू बसणार की मल्लांनी निवडून दिलेले प्रतिनिधी, यावर तिचे यश अवलंबून राहील.

माथाडींची वाट

मग उपाय काय? तो महाराष्ट्राच्याच इतिहासात सापडतो. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारपेठांत ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांचा प्रश्न मल्लांसारखाच होता. त्यांना एक ठरलेला मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्या व्यापाऱ्याचे. म्हणून भविष्य निर्वाह निधी नाही, रजा नाही, अपघाताची भरपाई नाही. सातारा जिल्ह्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हमालांचा लढा उभारला. त्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. कामगारांची मंडळाकडे नोंदणी, मजुरीचा भरणा मंडळात, मजुरीवर मालकांकडून लेव्ही, आणि त्या लेव्हीतून निर्वाह निधी, उपदान, औषधोपचार. अनेक मालकांचा एक कामगार, ही अडचण त्या कायद्याने सोडविली. ओझी वाहणाऱ्या त्या हातांपैकी कितीतरी हात सातारा-सांगलीच्या तालमींतच घडले होते, हेही विसरू नये.

तीच पद्धत कुस्तीला लावता येईल. राज्यात मल्ल कल्याण मंडळ स्थापन करावे. मल्लांची, वस्तादांची आणि मैदानांची त्यात नोंदणी व्हावी. ठराविक रकमेपेक्षा अधिक इनामाचे मैदान भरविणाऱ्या प्रत्येक कमिटीने इनामाच्या रकमेवर लेव्ही भरावी. प्रक्षेपणाचे आणि जाहिरातीचे उत्पन्न असेल तर त्यावरही. साखर कारखाने आणि राज्य शासन यांनी आपला वाटा घालावा. त्यातून चार गोष्टी व्हाव्यात: मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक मल्लाचा अपघात विमा, नोंदणीकृत मल्लाचा निर्वाह निधी, सोळा वर्षांखालील मुलांचे शिक्षण चालू असेल तरच त्यांना खुराक-अनुदान, आणि निवृत्त मल्लांसाठी प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक, भौतिकोपचार साहाय्यक अशा कामांचे शिक्षण. मानधनाचा करार लेखी असावा. प्रत्येक तालमीत जेथे मुली सराव करतात तेथे तक्रार समिती असावी. मंडळावर निम्मे सदस्य मल्लांनी निवडलेले असावेत, नाही तर तेही आश्रयदात्यांचे आणखी एक व्यासपीठ होईल.

यावर आक्षेप येईल की यात्रेचे मैदान ही गावकऱ्यांची वर्गणी आहे, लेव्हीने ती बंद पडेल. आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच लहान मैदानांना लेव्ही लावू नये. जेथे लाखांची इनामे जाहीर होतात, मंडप आणि स्वागतकमानी उभ्या राहतात, तेथे शेकड्याला काही रुपये मल्लाच्या म्हातारपणासाठी काढून ठेवले तर कुस्ती बुडणार नाही. आणि जर बुडणारच असेल, तर ती आजवर मल्लाच्याच अंगावर उभी होती, असे म्हणावे लागेल. दुसरा आक्षेप असा की मल्ल आपापसात झुंजतात, ते एकत्र कसे येणार? अमेरिकेतील खेळाडूही एकमेकांविरुद्धच खेळत होते. त्या रात्री एका खोलीत बसले ते दोन्ही संघांचे होते.

या कामाची सुरुवात कुंडलहून व्हावी, असे म्हणण्यास कारण आहे. १९४३ च्या सुमारास याच गावात तुफान सेना आकाराला आली. नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारच्या प्रतिसरकारात सामान्य शेतकऱ्याच्या पोराला सांगितले की न्याय सरकारच्या कृपेने मिळावयाचा नसतो, तो आपण उभा करावयाचा असतो. ज्या गावाने हे करून दाखविले, त्या गावच्या मैदानाने पुढील हंगामात लेखी करार, प्रत्येक मल्लाचा विमा आणि इनामातील ठराविक भाग कल्याण निधीसाठी, एवढ्या तीन गोष्टी स्वेच्छेने सुरू केल्या, तर राज्यातील अन्य मैदानांना मागे राहणे कठीण जाईल आणि कायद्याच्या मागणीला आधार मिळेल.

कार्यकर्त्यांचे कामही यातून स्पष्ट होते. तालमीतालमींतून जाऊन मल्लांची यादी करणे, जायबंदी आणि वृद्ध मल्लांची स्थिती नोंदविणे, वस्ताद आणि यात्रा कमिट्या यांना एकत्र बसविणे, ही कामे कोणत्याही आदेशाची वाट न पाहता करता येतील. दुधाचा भाव, उसाचा भाव यांसाठी जे गाव रस्त्यावर येते, त्याला आपल्या मुलाच्या घामाचा भाव समजावून सांगणे अवघड नाही. त्यासाठी आधी तो घाम म्हणजे श्रम आहे, हे आपण मान्य केले पाहिजे.